पेशीघरातल्या दोन जावा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज धाकटी कामावर रुजू झाली. धाकटी म्हणजे माझी जाऊ. घरात वरच्या मजल्यावर ती, खाली मी, आणि आता प्रयोगशाळेतही माझ्या शेजारच्या टेबलावर ती. याला जबाबदार मीच. भाऊजी दोन-तीनदा म्हणाले, "वहिनी, हिच्यासाठी तुमच्याकडे काही असलं तर बघा ना," आणि मी मोठेपणा मिरवायला तिचा अर्ज सरांपर्यंत नेऊन पोचवला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

पेशीघर दाखवायचं काम सरांनी मलाच दिलं. हे नावही माझंच. आधी त्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरलेल्या असायच्या. शाम्पू, साबण, फवारे डोळ्यात गेले तर काय होईल हे कळण्यासाठी पलीकडच्या खोलीत अजूनही सशाच्या डोळ्यात थेंब टाकतात. मी सशाला त्रास देत नाही. माणसांनी दान केलेल्या डोळ्यांतून मिळालेल्या पेशी मी नखाएवढ्या पेल्यांत वाढवते. त्यांचा थरावर थर चढतो आणि आपल्या बुबुळावर असतो तसला पडदा तयार होतो. त्यावर थेंब टाकायचा, थांबायचं, धुवायचं, मग पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत असल्या तर पिवळ्याचा गडद जांभळा होतो, मेल्या असल्या तर होत नाही. मग तो जांभळा विरघळवून यंत्रात वाचायचा. सांगायला एवढंच. करायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

तिने सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "ताई, पेशींना रविवारी कोण खायला घालतं?"

"त्यांची आई," मी म्हटलं. "म्हणजे मी."

सगळे हसले. तीही हसली, आणि ते मला तितकंसं आवडलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई धाकटीसाठी स्वेटर विणायला बसल्यात. लोकर सरळसरळ तपकिरी आहे, आणि म्हणतात, "बघ कसा वांग्यासारखा जांभळा मिळाला. धाकटीला खुलेल." मी म्हटलं, "आई, हा तपकिरी आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुया चालवायला लागल्या. म्हातारपणी रंग कळेनासे होतात, पण ते सांगायचं कोणी.

मी या घरात आले तेव्हा मला कोणी मोजासुद्धा विणून दिला नव्हता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज बाहेरच्या संस्थेकडून बाटल्या आल्या. त्यांच्यावर नुसते आकडे. आत काय आहे हे आम्हाला कोणालाच ठाऊक नाही. पुढचे काही सोमवार आम्ही ते थेंब पेशींवर टाकायचे आणि कोणता डोळ्याला घातक, कोणता निर्धोक, ते सांगायचं. संस्थेकडे खरी उत्तरं आहेत. आमची जुळली, की पलीकडची सशांची खोली बंद आणि पेशीघराचा स्वतंत्र विभाग सुरू.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "चाचणी ज्याच्या नावावर उभी राहील तोच विभागप्रमुख." मग माझ्याकडे बघून, "म्हणजे तूच, दुसरं कोण." मी मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून. लगेच ते धाकटीच्या टेबलाकडे वळले. तिच्या पेल्यांचं पहिलं ताट तयार झालं होतं. सर बघत राहिले आणि म्हणाले, "एकसारखे आहेत सगळे. छापल्यासारखे."

अकरा वर्षांत मला 'छापल्यासारखे' म्हणाले नाहीत. 'छान' म्हणाले, 'चालतील' म्हणाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मग मीही ते पेले जवळून बघितले. मला तर त्यात काही विशेष दिसलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कोणीतरी माझ्या मायक्रोस्कोपला हात लावतं. रोज सगळं धुक्यातून बघितल्यासारखं. भिंगं दोनदा पुसून घेतली. सरांना म्हटलं नवा मागवा, तर म्हणाले, "धाकटीला तर त्यातून नीट दिसतं." दिसणारच. तीच तो फिरवून ठेवत असणार.

संध्याकाळी परतताना हे म्हणाले, "अगं, गाडी इतकी कडेने का चालवतेस?" समोरून येणाऱ्या गाड्यांना हल्ली कसले दिवे बसवतात कोण जाणे, चारी बाजूंनी नुसते फुटतात. मी चिडले. यांनी किल्ली मागितली, मी दिली नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझ्या सगळ्या डब्यांवर रंगीत चिकटपट्ट्या. पाण्याच्या डब्यावर पांढरी, कडक द्रावणावर लाल, आणि वर ठसठशीत अक्षरं, बालवाडीतल्या फळ्यावर असतात तशी. विचारलं तर धाकटी म्हणते, "घाईत चूक नको व्हायला, ताई." घाईत चूक. माझी. जिने हे द्रावण पहिल्यांदा बनवलं तिची.

मी पट्ट्या काढणार होते. मग काढल्या नाहीत, कारण काम पटापट होत होतं. तिला मात्र म्हटलं, "पुढच्या वेळी चित्रंही काढ, ससा नि बदक." ती म्हणाली, "काढते की." तिला चिडवायचं म्हटलं तरी ती चिडत नाही. असल्या माणसांशी भांडायचं तरी कसं?

२ मार्च, रविवार

सापडली.

थेंब टाकायचे त्याच्या आधी, दर शनिवारी, मी सगळे पेले डोळ्यांनी तपासते. पडदा फाटलेला नाही, बुडबुडा नाही, मगच तो सोमवारसाठी ठेवायचा. हे प्रमुखाचं काम आणि प्रमुख मी. गेल्या सोमवारी मला वाटलं होतं की मी लावलेला क्रम बदललाय. आज पेशींना खायला घालून घरी आले आणि पर्स तिथेच राहिल्याचं लक्षात आलं. परत गेले तर पेशीघराचा दिवा चालू, उबेची पेटी उघडी, आणि धाकटी माझे पेले एकेक करून मायक्रोस्कोपखाली धरतेय. घरी सांगून आली होती, बाजारात जाते.

"काय चाललंय?"

ती दचकली. हातातला पेला मात्र अलगद खाली ठेवला. "सहज आले होते, ताई."

"माझ्या पेल्यांत सहज?"

तिने उबेची पेटी लावून घेतली. गाडी हे घेऊन गेले होते, म्हणून परतताना दोघी एकाच बसने आलो, एकाच बाकावर बसलो आणि दोघी खिडकीतून बघत राहिलो. ती माझी पद्धत चोरतेय, की माझे पेले बिघडवतेय? दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला आनंदच झाला, हे इथे लिहून ठेवते. इतके दिवस मला तिचा राग येत होता आणि रागाला कारण नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

आता कारण नुसतं नाही, पुरावाही आहे.

सोमवारचे आकडे आज बघितले. धाकटीने हाताळलेल्या पेल्यांचा जिवंतपणा नव्वदीच्या वर. मग तिने रंगवलेल्या पेल्यांचं ताट काढून मी खिडकीपाशी नेलं. कसला जांभळा नि कसलं काय. मातकट, राखाडी, जुन्या फडक्यासारखा रंग. ज्यावर नुसतं पाणी टाकलं होतं तो पेलासुद्धा राखाडी. पाण्याने पेशी मरतात का कधी?

माझेही पेले हल्ली फिके दिसतात, पण पिवळा रंग आता तीच बनवते. म्हणजे सरळ आहे. रंग पातळ बनवला, पेशी रंगल्याच नाहीत, आणि मग यंत्राचे आकडे हाताने बदलले. माझी नजर पक्की आहे. पेशी जगली की मेली हे मी यंत्राआधी सांगते, सगळी प्रयोगशाळा तोंडात बोटं घालते. ती ज्यांना फसवेल त्यांना फसवेल.

हे सारखे विचारतायत, आज एवढी खुशीत कशी. स्वयंपाकघरात मी गुणगुणत होते म्हणे.

७ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत धाकटीला एकटीला गाठलं. ताट तिच्यासमोर धरलं.

"हा रंग बघ. नव्वद टक्के जिवंत पेशींचा असा राखाडी रंग असतो?"

तिने ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडेच.

"तुम्हाला राखाडी दिसतोय, ताई?"

"मला काय, कोणालाही दिसेल."

तिचा चेहरा पडला. हळूच म्हणाली, "चुकलं असेल माझं. मी पुन्हा करते सगळे. पण सरांपर्यंत नका नेऊ."

कबूल. स्वतःच्या तोंडाने कबूल. मी म्हटलं, "सोमवारी बघू." घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. तिचा पडलेला चेहरा दोन-तीनदा आठवला, पण फार नाही.

वर भाऊजींच्या घरात आज आवाज नव्हता. सासूबाईंनी विचारलं, धाकटी जेवायला खाली का आली नाही. मी म्हटलं, दमली असेल.

१० मार्च, सोमवार

आज जे झालं ते लिहायला हात उठत नाही. तरी लिहिते.

सकाळीच ताट घेऊन सरांच्या खोलीत गेले. धाकटीलाही बोलावून घेतलं. मी सगळं नीट सांगितलं: रविवारचं चोरून येणं, पातळ रंग, वाढवलेले आकडे. म्हटलं, "हिने शुक्रवारी कबूलही केलंय. नातं आहे म्हणून मी गप्प बसले असते, सर, पण चाचणीचा प्रश्न आहे." हे वाक्य मी घरून ठरवून आले होते.

सरांनी ताट हातात घेतलं. दिव्याखाली धरलं. मग धाकटीला विचारलं, "तू कबूल केलंस?"

"हो, सर."

"काय कबूल केलंस? हा तर जांभळा आहे."

मला वाटलं सर थट्टा करतायत. मी म्हटलं, "कुठला जांभळा, सर?" तेवढ्यात सशांचं बघणारे काका किल्ल्या द्यायला आत आले. सरांनी ताट त्यांच्यापुढे केलं. "काका, रंग कोणता हा?"

काकांना वाटलं काहीतरी परीक्षा आहे. घाबरत म्हणाले, "जांभळा ना, साहेब? चांगला दाट जांभळा."

मी ताट परत घेतलं, खिडकीशी नेलं, टेबलाच्या दिव्याखाली धरलं. राखाडी. ते तिघं माझ्याकडे बघत होते आणि मी ताटाकडे बघत होते. धाकटी पुढे आली आणि तिने माझ्या हातातून ताट काढून घेतलं.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?" मी तिला विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून. तुम्ही सासूबाईंच्या लोकरीला तपकिरी म्हणालात तेव्हापासून."

११ मार्च, मंगळवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आतलं भिंग पिवळं पडलंय, त्यातून निळा-जांभळा येतच नाही तुम्हाला. गाडी कोण चालवतं?" हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "कालपर्यंत हीच." मग घरी येईपर्यंत एक शब्द नाही. यांनी रागावलेलं मला चाललं असतं.

डोळ्याला काय झोंबतं हे जगाला सांगायला निघालेली बाई मी.

१४ मार्च, शुक्रवार

ही चाचणी बुडाली, असं मी धरूनच चालले होते. डोळ्यांनी तपासलेला प्रत्येक पेला माझ्या नजरेतून गेलेला, आणि ती नजर अशी. फाटक्या पडद्यावर निर्धोक थेंबही घातक ठरतो. एवढं मला कळतं.

पण चाचणी बुडालेली नाही. मी शनिवारी 'ठीक' म्हणून ठेवलेले पेले धाकटी रविवारी पुन्हा बघायची. फाटके बाजूला काढून तिथे स्वतःचे चांगले ठेवायची. काढलेले फेकलेही नाहीत, थंड पेटीत मागे सरकवून ठेवलेत. आतापर्यंतची सगळी उत्तरं संस्थेच्या उत्तरांशी जुळली, असा आज निरोप आला. सर मला एकटीला म्हणाले, "आकडे खरे आहेत. तपासणारी म्हणून नाव तुझं लागलंय. धाकटी म्हणते, राहू दे. शस्त्रक्रिया करून ये, खुर्ची तुझीच."

मी वर तिच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता गेले. म्हटलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. पण मी ते म्हटलं नाही. म्हटलं, "उपकार करतेस?"

तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. "उपकार कसले, ताई? पहिल्या रविवारी मी तुमचे फाटके पेले बघून तसेच ठेवले होते. म्हटलं, होऊ दे यांची फजिती, मग मला खुर्ची मिळेल. पायऱ्या उतरले आणि परत वर जाऊन ते बदलले. या घरात काही झालं की 'मोठीला विचारा'. कामावर तेच, 'मोठीला विचारा'. मी काय रोज आनंदाने ऐकते का हे?"

तिलाही माझा हेवा वाटतो. मी घरी येऊन हे यांना सांगितलं तर म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे?"

२ एप्रिल, बुधवार

उजव्या डोळ्याची पट्टी परवा काढली. जग निळंशार झालंय. उजवा मिटला की सासूबाईंच्या मांडीवर तपकिरी स्वेटर, डावा मिटला की जांभळा. सासूबाईंना म्हटलं, "आई, रंग छान आहे." त्या म्हणाल्या, "आत्ता दिसला होय?"

१४ एप्रिल, सोमवार

कामावर गेले. कोणाला न सांगता थंड पेटी उघडली आणि मागे ठेवलेले माझे पेले काढले. एकेकाच्या कडेला उसवल्यासारखी फाट, मधे बुडबुडे. मी 'ठीक' म्हटलेले. शेजारी धाकटीचे ठेवले. सर म्हणाले ते खरं होतं. छापल्यासारखे.

आजवर मी म्हणत होते, तिच्या पेल्यांत विशेष ते काय. आता दिसतं काय आहे ते. डोळे नव्हते तेव्हा बरं होतं, निदान हेवा वाटायला आधार नव्हता. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे. हे मी इथे लिहिलंय आणि पुन्हा कुठे लिहिणार नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज संस्थेच्या बाई आल्या. पेशीघर बघून खूश झाल्या. सशांच्या खोलीलाही टाळं लागणार, काका आता आमच्याकडेच येणार. मग सरांच्या खोलीत चहा झाला आणि बाईंनी शेवटचे प्रश्न काढले. साधे होते. द्रावण कोण बनवतं, यंत्र कोण चालवतं.

"आणि थेंब टाकण्याआधी पेले डोळ्यांनी कोणी तपासले?" त्यांनी माझ्याकडे बघूनच विचारलं. माझं नाव त्यांच्यासमोर होतंच.

सर कपात साखर ढवळत राहिले. साखर त्यांना वर्ज्य आहे. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. विभाग माझा, खोली माझी, नाव माझं. कोणाचं काही नुकसान नव्हतं, आकडे खरेच होते. मला ती खुर्ची किती हवी होती ते मला तेव्हा कळलं.

"हिने," मी म्हटलं.

बाई थांबल्या. "आणि तुम्ही?"

"मीही तपासले. पण मला तेव्हा दिसत नव्हतं."

सरांचा चमचा थांबला. धाकटी म्हणाली, "ताई," एवढंच. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर शब्द मागे घेतले असते. बाईंना सगळं पहिल्यापासून सांगितलं, लोकर सोडून. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, बदललेले पेले त्यांना बघायचेत, आणि ते पटले तर चाचणी तशीच उभी राहील, पण तपासणारी म्हणून हिचं नाव लागेल.

पेले बघून आल्यावर त्यांनी धाकटीला तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं. बाईंना ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिने पुन्हा सावकाश सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. माझं नाव विचारायची गरज नव्हती, ते आधीच लिहिलेलं होतं. त्यांनी त्यावर एक रेघ मारली. रेघ बारीक होती. मी टेबलाच्या या टोकाला बसले होते, तरी मला ती स्वच्छ दिसली.